नेट नसलेले टेनिस कोर्ट

1918 सालचा अमेरिकी लष्करी तळ. इंग्रजी वाचता न येणाऱ्या रंगरुटांना खोलीत बसवून त्यांच्यापुढे चित्रांचा कागद ठेवला जाई. चित्रात काय राहून गेले आहे ते ओळखायचे आणि पेन्सिलीने भरायचे. सूचना सगळ्या खाणाखुणांनी. एका चित्रात टेनिसचे कोर्ट होते, त्यावर नेट नव्हते. दुसऱ्यात फोनोग्राफ होता, त्याला कर्णा नव्हता. सिसिलीच्या शेतातून बोटीने आलेल्या ज्या गड्याने टेनिस कधी पाहिलेच नव्हते, त्याने तिथे काय काढावे? त्याची जागा कोरी राहायची आणि बुद्धी तेवढी कमी भरायची. ही ‘आर्मी बीटा’. इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी ‘आर्मी अल्फा’ होती. क्रिस्को हे औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाद्यपदार्थ, असा प्रश्न तिच्यात होता. क्रिस्को म्हणजे आपल्या डालड्याचा अमेरिकी भाऊ. उत्तर बुद्धीने नव्हे, वाण्याच्या दुकानात गेल्याने येते.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स यांच्या देखरेखीखाली अशी सुमारे 17 लाख माणसे तपासली गेली. सरासरी गोऱ्या जवानाचे मानसिक वय 13 वर्षे निघाले. याच आकड्यांवरून कार्ल ब्रिगहॅम यांनी 1923 च्या पुस्तकात युरोपातल्या वंशांची उतरंड लावली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांवर कडक कोटा लावला. त्या कायद्यात या पुस्तकाचा वाटा किती, यावर इतिहासकार अजून भांडतात. ब्रिगहॅम यांनी स्वतः 1930 मध्ये आपले निष्कर्ष मागे घेतले, पण कायदा जागेवरच राहिला.

गंमत अशी की, त्या इटालियन गड्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवले असते, तरी त्याने कोर्ट कोरेच सोडले असते. गुण तेच, म्हणजे चाचणी विश्वसनीय. पाच मिनिटे पुढे असलेले घड्याळही रोज नेमाने पाच मिनिटेच पुढे असते. विश्वसनीयता मोजायला सोपी, म्हणून चाचणीविक्रेते तिचे आकडे हौसेने छापतात. अवघड प्रश्न पुढचा असतो: या गुणांतून आपण जो अर्थ काढतो आहोत, त्याला आधार काय?

इंग्रजीत याला व्हॅलिडिटी म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांत कुठे ‘वैधता’ आहे, कुठे ‘सप्रमाणता’, कुठे ‘यथार्थता’. मला तिसरा शब्द आवडतो. वैधता म्हटले की चाचणीवर एकदा शिक्का बसला आणि काम झाले, असे वाटते. यथार्थतेत ‘अर्थ’ आहे. मानसमापनाच्या शास्त्राला इथवर यायला अर्धशतक लागले. ली क्रॉनबाख आणि पॉल मील यांनी 1955 च्या लेखात मांडले की बुद्धी, चिंता यांसारख्या न दिसणाऱ्या गोष्टी मोजताना ताडून पाहायला एकच पक्की फुटपट्टी नसते. चारी बाजूंनी पुरावा गोळा करावा लागतो. 1989 मध्ये सॅम्युअल मेसिक यांनी त्यात गुणांच्या वापराचे परिणामही ओढून आणले. आज बहुतेक तज्ज्ञांना मान्य असलेली भूमिका अशी की यथार्थता चाचणीची नसतेच. ठरावीक कामासाठी गुणांचा जो अर्थ लावला जातो, त्या अर्थाची असते.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांचीच कथा पाहा. त्यांनी आणि थिओडोर सिमाँ यांनी 1905 मध्ये पॅरिसमध्ये 30 प्रश्नांची श्रेणी तयार केली. वर्गात मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांना जास्तीची मदत हवी ते ओळखायचे, एवढेच काम. बुद्धी जन्मतः ठरलेली आणि अचल असते, हे बिने यांना मान्य नव्हते. पण त्यांचे प्रश्न अटलांटिक ओलांडून गेले आणि हेन्री गॉडर्ड यांनी ते अमेरिकेतल्या एलिस बेटावर बोटीतून उतरलेल्या, थकल्याभागल्या स्थलांतरितांना दुभाष्यांमार्फत विचारले. चाचणीचे घराणे तेच, पण मदत पोहोचवायचे साधन आता माणसे चाळायची चाळणी झाले.

परक्या मुलांसाठी बनवलेले प्रश्न जसेच्या तसे विचारण्यातला धोका आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ओळखला होता. धारवाड भागातल्या मुलांसाठी त्यांनी बिने यांचे प्रश्न नुसते भाषांतरित केले नाहीत. ते बदलले, कन्नड आणि मराठी मुलांवर तपासले आणि 1940 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. काम अस्सल होते. अडचण अशी की बिने-कामत चाचणी आजही दवाखान्यांत वापरली जाते. जेम्स फ्लिन यांनी 1984 मध्ये दाखवले की अमेरिकेत बुद्धिचाचण्यांवरची कामगिरी दर दशकाला साधारण 3 गुणांनी वर जात होती. म्हणजे आजच्या मुलाला पणजोबांच्या वर्गमित्रांशी ताडले, तर त्याचा बुद्ध्यांक फुगून येण्याची शक्यता असते. सवलतीचे दार अनेकदा 70 च्या रेघेवर उघडते. 74 आले म्हणून आनंदणाऱ्या आईला कोण सांगणार, की त्या चार गुणांनी मुलाची मदत गेली असेल?

2016 मध्ये महाराष्ट्रात दहावीच्या मुलांसाठी ‘कल चाचणी’ सुरू झाली. तिचे नाव प्रामाणिक होते: कल म्हणजे ओढा, कुवत नव्हे. पण घरोघरी अहवाल उघडला गेला तो ‘आमच्या बंड्याला काय जमेल’ हे पाहायला. दोष कागदाचा नव्हे, वाचणाऱ्याचा.

बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धिमत्ता सांगणाऱ्या दुकानांची गोष्ट मात्र वेगळी. बोटावरच्या रेषा जन्माआधीच पक्क्या होतात आणि आयुष्यभर तशाच राहतात, म्हणून त्यांचे मोजमाप कमालीचे विश्वसनीय. यथार्थतेच्या नावाने शून्य. तरी पालक म्हणतात, “अहो, अगदी तंतोतंत जुळतंय!”

हे का जुळते, ते बर्ट्रम फोरर यांनी 1948 मध्येच दाखवून दिले. त्यांनी 39 विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हाती त्याचे वर्णन ठेवले. ते किती अचूक आहे याला विद्यार्थ्यांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. मग फोरर यांनी पहिले वाक्य मोठ्याने वाचले आणि विचारले, हे कुणाकुणाच्या कागदावर आहे? सगळे हात वर गेले आणि वर्ग हसत सुटला. वर्णन एकच होते, तेही बहुतेक बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेले. मी हे लिहितो आहे ते दिवाळी अंकासाठी. वार्षिक राशिभविष्याची पाने पुढे असतीलच.