पुसेगाव कितव्या पायरीवर?

दरवर्षी २० मार्चच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय आनंद दिनाच्या, सुमारास जागतिक आनंद अहवाल प्रसिद्ध होतो आणि फिनलंड पहिला आल्याची बातमी छापून येते. २०१८ ते २०२५ अशी सलग आठ वर्षं हेच घडलं. २०२५ च्या यादीत १४७ देशांमध्ये भारत ११८ वा होता. नेमक्या याच दिवसांत हिंगोली जिल्ह्यात हळदीची घाई असते. सेनगाव तालुक्यातलं पुसेगाव (साताऱ्याचं सेवागिरी महाराजांचं पुसेगाव वेगळं) याच पट्ट्यातलं. मे-जूनमध्ये लावलेली हळद आठ-नऊ महिने रानात राहते. मग काढणी, शिजवणी, दोन-तीन आठवड्यांचं वाळवण, ढोलात पॉलिश, आणि शेवटी पोती हिंगोलीच्या मार्केट यार्डात. वाळवणावर अवकाळीची एक सर आली तरी हळकुंडाचा रंग उतरतो, आणि रंग उतरला की भाव उतरतो. वर्षाची कमाई अशी उघड्यावर पसरलेली असताना त्या घरच्या माणसाला आयुष्याबद्दल विचारलं, तर तो काय उत्तर देईल?

अहवालाचा प्रश्न अगदी साधा आहे. एक शिडी डोळ्यांसमोर आणा. तळाशी शून्य, वर दहा. सगळ्यात वर तुमच्या वाट्याला येऊ शकेल असं सर्वांत चांगलं आयुष्य, तळाला सर्वांत वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर उभे आहात? हॅडली कॅन्ट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६५ च्या पुस्तकात मांडलेली ही शिडी गॅलप संस्था आज जगभर वापरते. बहुतेक देशांत दरवर्षी साधारण हजार माणसांना विचारतात आणि तीन वर्षांची सरासरी धरतात. २०२५ च्या अहवालात फिनलंडला ७.७ गुण मिळाले, भारताला ४.४. काल तुम्ही हसलात का, मजा आली का, हे वेगळं विचारलं जातं आणि त्यात फिनलंड पहिला येत नाही. लॅटिन अमेरिकेतले अनेक देश त्याच्या पुढे असतात. शिडीवरचं उत्तर देताना माणूस सगळ्या आयुष्याचा हिशेब करतो, आणि त्यात उद्याची धास्तीही धरतो.

मुळात फिनिश माणसाची घडणच समाधानी असेल, अशी शंका कुणालाही येईल. तिचं उत्तर २०१८ च्या अहवालात मिळालं. त्या वर्षी ११७ देशांतल्या स्थलांतरितांचे गुण वेगळे काढले. जिथे मूळचे रहिवासी वरच्या पायरीवर, तिथे बाहेरून येऊन राहिलेलेही जवळपास तितक्याच वर होते, आणि स्थलांतरितांच्या यादीतही फिनलंडच पहिला आला. रक्तापेक्षा गावाची व्यवस्था जास्त बोलते, असं हे आकडे सांगतात.

पैशाचा वाटा मोठा आहे, हे मान्य करायलाच हवं. पण तो सरळ रेषेत चढत नाही. दहा हजारांचे वीस हजार झाले की माणूस जेवढा वर चढतो, तेवढंच चढायला लाखाचे दोन लाख व्हावे लागतात. २०२५ च्या यादीत कोस्टा रिका सहावा आणि मेक्सिको दहावा होता. त्यांच्याहून कितीतरी श्रीमंत देश खाली राहिले. म्हणून अहवालकर्ते सहा गोष्टी एकत्र पाहतात: दरडोई उत्पन्न, निरोगी आयुर्मान, स्वतःच्या आयुष्याचे निर्णय घेण्याची मोकळीक, दातृत्व, भ्रष्टाचाराबद्दलची भावना, आणि सहावी गोष्ट एका प्रश्नातून येते. तुम्ही अडचणीत सापडलात, तर हमखास धावून येतील असे नातेवाईक किंवा मित्र तुम्हाला आहेत का?

या सहाव्या गोष्टीत आपण पुढे असू, असं आपण गृहीत धरतो. सावड, इर्जिक, वारंगुळा ही एकमेकांच्या रानात राबण्याची पद्धत आपल्या गावांचीच. लग्नकार्य, मयत, दवाखाना, नडीला उसनवार यात गाव मागे हटत नाही. तरीही या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण भारतात नॉर्डिक देशांपेक्षा बरंच कमी निघतं. असं का व्हावं? मला वाटतं, याचा एक धागा महाराष्ट्रातल्याच दोन गावांत सापडतो.

हैदराबादजवळच्या पटनचेरू इथल्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने १९७५ पासून काही गावांत घरोघरचे हिशेब लिहून ठेवायला सुरुवात केली. त्यांत अकोला जिल्ह्यातलं कंझरा, सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि तेलंगणातलं अवुरेपल्ली ही गावं होती. प्रत्येक गावातली चाळीस घरं निवडली, त्यांत दहा भूमिहीन. सर्वेक्षक गावातच राहत. कुणी काय पेरलं, किती पिकलं, किती दिवस काम मिळालं, कोण आजारी पडलं, घरात काय शिजलं, सगळ्याची नोंद होत होती. दहा वर्षांच्या या नोंदी अर्थतज्ज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी अभ्यासल्या आणि १९९४ मध्ये निष्कर्ष मांडले. एकट्या घराचं पीक बुडालं, कर्ता आजारी पडला, तरी त्या घराचं खाणंपिणं फारसं कोसळत नव्हतं. उसनवार, साठवलेलं धान्य, भाऊबंद यांच्या आधाराने ते तरून जात होतं. मात्र प्रत्येक घराचा खर्च गावाच्या सरासरीबरोबर वरखाली होत होता. एका गावात तर भूमिहीनांना हा आधार इतरांपेक्षा कमी मिळत होता.

याचा अर्थ पुसेगावच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. एकाची विहीर आटली तर शेजारी पाणी देतो. सगळ्यांच्याच विहिरी आटल्या तर शेजाऱ्याकडे मागायचं काय? सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात एका शिवारातलं सोयाबीन पाण्यात होतं, तेव्हा पलीकडच्या शिवारातलंही पाण्यातच होतं. माया आटलेली नसते. सगळे एकाच वेळी रिकामे झालेले असतात. अशा संकटाचं ओझं फक्त मोठं वर्तुळ उचलू शकतं. ज्या जिल्ह्यातलं पीक वाचलं तो जिल्हा, शहर, राज्य, देश.

हे महाराष्ट्राने एकदा फार चांगलं ओळखलं होतं. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना मिलो ज्वारीच्या आणि सुकडीच्या आठवणीने आजही सांगता येतो. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती, आणि अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी दाखवून दिलं, की याच कामांमुळे मोठ्या संख्येने होणारे भूकबळी टळले. वि. स. पागे यांच्या आग्रहातून आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तिच्यासाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या पगारातून कापली जाणारी ती छोटी रक्कम मुळात गावातल्या मजुराच्या हमीसाठी होती. नॉर्डिक देशांच्या कररचनेशी याचं नातं अगदी जवळचं आहे, आणि हे आपण स्वतःच्या डोक्याने केलं होतं, याचा मला फार अभिमान वाटतो.

फिनलंडही जन्मतः सुखी नव्हता. १८६६ ते १८६८ च्या दुष्काळात तिथली सुमारे ८ टक्के लोकसंख्या मेली. १९१७ मध्ये स्वातंत्र्य मिळालं आणि पुढच्याच वर्षी यादवी झाली. १९४८ पासून तिथे प्रत्येक शाळकरी मुलाला फुकट जेवण मिळू लागलं. त्याहून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे आत्महत्यांबाबत त्यांनी केलेलं काम. १९८७ च्या एप्रिलपासून वर्षभरात झालेल्या १,३९७ आत्महत्यांपैकी प्रत्येकीमागची परिस्थिती संशोधकांनी कुटुंबीयांशी आणि उपचार करणाऱ्यांशी बोलून समजून घेतली, आणि त्यावर देशभराचा कार्यक्रम आखला. १९९० च्या सुमारास लाखामागे ३० असलेलं प्रमाण आज निम्म्याहून खाली आहे. शिडीवर आज पहिला असलेला देश हाच.

हमीचा परिणाम पैसे हातात पडण्याआधीच सुरू होतो, हे इथिओपियात दिसलं. दक्षिणेकडच्या बोराना भागातल्या गुराख्यांसाठी चारा सुकला की भरपाई देणारा विमा आला. अभ्यासकांनी पाहिलं, की भरपाई एकदाही मिळाली नसली, तरी विमा असलेल्यांची स्वतःच्या परिस्थितीबद्दलची भावना सुधारली होती. पाठीशी काहीतरी आहे, एवढ्यानेच रात्रीची झोप लागते. उलटही तितकंच खरं: पीकविमा कधी आणि किती मिळेल याचा भरवसा नसेल, तर कागदावर विमा असूनही मनावरचं ओझं तसंच राहतं.

मनाच्या आजारातही भरवशाची मदत जवळ आली की फरक पडतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून त्यांच्यामार्फत नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली. आधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदत घेत होते, नंतर २७.२ टक्के घेऊ लागले. राज्य सरकारचा ‘प्रेरणा’ प्रकल्प मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत आला, त्यात हिंगोलीही आहे. आशाताईंनी घरी जाऊन झोप, भूक, उदासी विचारायची आणि गरज असेल त्याला दवाखान्यापर्यंत न्यायचं, अशी त्याची रचना आहे.

एका गावातही सगळे एकाच पायरीवर नसतात. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ७२ हजारांहून अधिक प्रौढ आणि वृद्धांची पाहणी केली. २०२४ च्या आनंद अहवालात तिचं विश्लेषण आहे. उच्च जातींतले आणि शिकलेले वृद्ध जास्त समाधानी निघाले. कुणासोबत आणि कसं राहतो याचं समाधान सर्वांत महत्त्वाचं ठरलं, आणि भेदभावाचा अनुभवही वरच्या कारणांत होता. म्हणून गावाची सरासरी काढताना दलित वस्ती आणि ऊसतोडीला गेलेली घरं सुटली, तर ती सरासरी खोटी ठरेल.

गॅलपची माणसं पुसेगावात येण्याची शक्यता फार कमी. पण शिडीचा प्रश्न विचारायला पैसा लागत नाही. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा दरवर्षी होतोच. त्यात शिडीचा प्रश्न आणि ‘नडीला कोण येईल’ हा प्रश्न, असे दोन घालता येतील. विचारायचे मात्र वर्षातून दोनदा, कारण हंगामाने माणूस बदलतो. तमिळनाडूच्या ऊसउत्पादकांच्या २०१३ मधल्या अभ्यासात दिसलं, की पैशाची चणचण असलेल्या तोडणीआधीच्या दिवसांत त्याच शेतकऱ्याची विचार करण्याची क्षमतासुद्धा मंदावते. तेव्हा एकदा जूनमध्ये, पेरणीसाठी उधारी उचलताना, आणि पुन्हा दिवाळीनंतर, सोयाबीन विकून झाल्यावर विचारावं. दोन उत्तरांत किती पायऱ्यांचा फरक पडतो, आणि ज्या घराला कामाची किंवा विम्याची खरी हमी आहे तिथे तो किती कमी पडतो, हे कळलं, तर आराखड्यातला पुढचा रुपया कुठे घालायचा ते ग्रामसभेला ठरवता येईल.