पडद्यावरचा नुक्ता

दरवर्षी शाळा उघडायच्या सुमारास पालकांकडून आम्हांला एक प्रश्न हमखास येतो. मुलासाठी, मुलीसाठी टॅब घ्यायचा आहे. दुकानदार दोन दाखवतो. आकार एकच, दिसायलाही सारखेच, पण एकाची किंमत काही हजारांनी जास्त. कारण विचारले तर तो म्हणतो, "याचे रेझोल्यूशन जास्त आहे." मग हे जास्तीचे पैसे द्यावेत की नाही?

रिक्षा चालवून किंवा शिलाईकाम करून ज्यांचे घर चालते त्यांच्यासाठी काही हजार ही लहान रक्कम नाही. म्हणून प्रश्न नीट सोडवायला हवा. या विषयावरचा सल्ला बहुतेक वेळा इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी लिहिलेला असतो. आपल्या घरातले मूल सकाळी अरबी वाचते, शाळेत उर्दू आणि मराठी, मधल्या तासाला इंग्रजी. त्याच्यासाठी हिशेब थोडा वेगळा पडतो.

आधी रेझोल्यूशन म्हणजे काय ते पाहू. टॅबचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. खोक्यावर १२८० × ८०० असे लिहिलेले असते तेव्हा लांबीच्या बाजूने १२८० आणि रुंदीच्या बाजूने ८०० ठिपके आहेत असा अर्थ. पण हा आकडा एकटा फसवा आहे. तेवढेच ठिपके आठ इंचांत बसवले तर ते दाट बसतात, दहा इंचांत बसवले तर विरळ होतात. म्हणून एका इंचात किती ठिपके येतात ते काढावे. शाळेत शिकलेला पायथागोरस इथे कामी येतो. १२८० चा वर्ग अधिक ८०० चा वर्ग, त्याचे वर्गमूळ सुमारे १५०९. त्याला पडद्याच्या कर्णाने, म्हणजे खोक्यावर लिहिलेल्या इंचांनी भागायचे. आठ इंची टॅबला १८९ येतात, १०.१ इंचीला १४९. तोच १०.१ इंची टॅब १९२० × १२०० चा असेल तर २२४ येतात. हे गणित आम्ही वर्गात मुलांकडून करून घेतो. भूमितीच्या तासाला झोपणारी मुलेही यात जागी राहतात.

"नवीन टॅबपेक्षा माझ्या जुन्या मोबाइलवर अक्षर स्वच्छ दिसते," अशी तक्रार घराघरांत ऐकू येते, तिचेही उत्तर यात आहे. साडेसहा इंची साध्या मोबाइलवर १६०० × ७२० ठिपके असतात, म्हणजे इंचाला २७०. स्वस्त टॅबच्या जवळजवळ दुप्पट. टॅब मोठा आहे म्हणून चांगला, असे वाचनाच्या बाबतीत आपोआप होत नाही.

मग किती ठिपके पुरेत? निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा ओळखता येतो. टॅब हातात चाळीस सेंटिमीटरवर धरला तर या हिशेबाने इंचाला सुमारे २१८ ठिपके पुरतात. त्यापेक्षा दाट असले तर सुटे दिसत नाहीत. तीस सेंटिमीटरवर धरला तर २९१ लागतात. मुले पुस्तकच काय, टॅबही नाकाला लावून वाचतात आणि त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते, म्हणून त्यांच्यासाठी थोडे जास्त धरावे. किंडल या वाचनयंत्राचा प्रवास याच दिशेने झाला. २००७ साली त्याच्या पडद्यावर इंचाला १६७ ठिपके होते. पेपरव्हाइट नावाचा प्रकार २०१२ मध्ये २१२ वर आणि २०१५ मध्ये ३०० वर गेला. त्यानंतर कंपनीने इतर अनेक गोष्टी बदलल्या, पण हा आकडा ३०० वरच ठेवला.

रोमन अक्षर कमी ठिपक्यांतही तगते. त्याचे भाग मोजके आणि सुटे असतात. आय.बी.एम.मध्ये जॉन गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिले, की पांढऱ्या पडद्यावर काळी, गुळगुळीत कडांची, चांगल्या प्रतीची अक्षरे दिली तर माणूस कागदाइतक्याच वेगाने पडद्यावर वाचतो. त्याआधी पडद्यावरचे वाचन मंद होते असे त्यांनाच आढळले होते. म्हणजे अक्षराची प्रत महत्त्वाची ठरते. पण तो सगळा अभ्यास इंग्रजी मजकुराचा.

आता उर्दूकडे येऊ. इथे गोष्ट नाजूक होते.

उर्दूत शब्दाच्या मध्ये आलेल्या अक्षराचा बराचसा देह गळून जातो. बे, पे, ते, से, नून, ये ही सारी अक्षरे शब्दाच्या मध्यभागी एकाच दातासारखी दिसतात. त्या दाताला शोशा म्हणतात. खाली एक नुक्ता असेल तर बे, तीन असतील तर पे. वर दोन असतील तर ते, तीन असतील तर से. वर एक असेल तर नून, खाली दोन असतील तर ये. अक्षराची सगळी ओळख त्या नुक्त्यांवर उभी आहे. 'ख़ुदा' आणि 'जुदा' यांच्यात फरक एवढाच, की एकाचा नुक्ता वर आणि दुसऱ्याचा खाली. 'दुआ'ला एक नुक्ता दिला की 'दग़ा' होतो.

त्यातून आपली उर्दू नस्तालीक खतात लिहिली जाते. नस्खमध्ये अक्षरे सपाट ओळीवर बसतात. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडून डावीकडे उतरत येतो, एकावर एक थर चढतात आणि नुक्ते त्या उतारावर जागा मिळेल तिथे बसतात. त्यामुळे त्याच उंचीच्या ओळीत अक्षराच्या वाट्याला जागा कमी येते. हे सौंदर्य यंत्राला नेहमीच जड गेले. इतर भाषांचे छापखाने खिळ्यांवर चालत होते तेव्हा उर्दू वर्तमानपत्रे कातिबांच्या हातांनी लिहिली जात होती. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो शब्दतुकडे हाताने लिहून नूरी नस्तालीक तयार केले आणि १९८१ साली लाहोरचा 'जंग' त्यात छापून निघाला, तेव्हा कुठे ही कोंडी फुटली. १९९४ मध्ये दिल्लीत इनपेज आले आणि मोहल्ल्यातल्या छापखान्यापर्यंत नस्तालीक पोहोचले. तरी पडद्यावर अडचण राहिलीच. जुन्या पडद्यांवर ठिपके इतके विरळ, की बीबीसीच्या उर्दू सेवेनेही अनेक वर्षे नस्खच वापरले. आजही पुष्कळ मोबाइलवर उर्दू संदेश नस्खमध्ये उमटतो आणि आमच्या पिढीच्या डोळ्याला तो परका वाटतो.

बारा पॉइंटचे अक्षर इंचाच्या सहाव्या भागाएवढे असते. इंचाला १३२ ठिपके असतील तर त्याच्या वाट्याला उभे बावीस ठिपके येतात. त्यात नस्तालीकचा उतार, वरचे जबर, खालचे जेर आणि नुक्ते सगळे बसवायचे. नुक्त्याला मिळतात दोन-तीन ठिपके. तीन नुक्त्यांचा गोळा होतो, दोन नुक्त्यांची आडवी रेघ होते. सराईत वाचकाचे यात काही अडत नाही, तो वाक्यावरून शब्द ओळखतो. अडते ते शिकणाऱ्या मुलाचे, ज्याने तो शब्द आधी पाहिलेलाच नाही. तो ठेचकाळतो, आणि घरात समजूत होते, की मुलाचे उर्दू कच्चे आहे.

मराठीची स्थिती या दोन्हींच्या मधली. शिरोरेघेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार. 'माडीवर बसला' आणि 'मांडीवर बसला' यांत एका ठिपक्याचे अंतर आहे. 'भाडे द्या' म्हटल्यावर कोणी भांडे आणून दिले तर पंचाईत. ब आणि व, भ आणि म, ध आणि घ यांतला फरक बारीक रेघेचा, आणि द्ध, द्व, ष्ठ ही जोडाक्षरे तर बारीक ठिपक्यांशिवाय काळा डागच दिसतात. आठवीतली एक मुलगी आमच्यासमोर टॅबवर 'बुद्धी' हा शब्द तीनदा चुकली आणि छापील पुस्तकात पहिल्याच खेपेला बरोबर वाचून गेली.

इतपत वाचून कोणी म्हणेल, मग सर्वांत दाट पडदाच घ्यावा. तसेही नाही. २०१० चा पहिला आयपॅड इंचाला १३२ ठिपक्यांचा होता. आपल्या सरकारने २०११ साली विद्यार्थ्यांसाठी आणलेला सात इंची 'आकाश' ८०० × ४८० ठिपक्यांचा, म्हणजे इंचाला १३३. किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर आणि अक्षराची धार जवळपास एकच, हे आम्हांला आजही मौजेचे वाटते. २०१२ मध्ये आयपॅड १३२ वरून २६४ वर गेला. अक्षरांत पडलेला फरक कोणालाही दिसावा इतका होता. पण ठिपके चौपट झाले म्हणून बॅटरी सुमारे सत्तर टक्के मोठी घालावी लागली, वजन ६०१ ग्रॅमवरून ६५२ वर गेले, आणि चालण्याची वेळ मात्र होती तेवढीच राहिली. दाट पडद्याची किंमत अशी बॅटरीतूनही वसूल होते. वाचनासाठी इंचाला सव्वादोनशे ते तीनशेच्या पुढे पैसे टाकण्यात आम्हांला अर्थ दिसत नाही.

शाळेच्या कामात आणखी एक खोच आहे, ती दुकानदार सांगत नाहीत. बालभारतीची पुस्तके, उर्दू माध्यमाचीसुद्धा, पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. पीडीएफ म्हणजे पानाचे चित्रच समजा. साध्या मजकुराचे अक्षर हवे तेवढे मोठे करता येते आणि ओळी आपोआप नव्याने मोडतात. पीडीएफचे पान मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि बोटाने डावी-उजवीकडे ओढत बसावे लागते. समजा छापील पान आठ इंच रुंद आहे. ८०० ठिपके रुंद पडद्यावर ते पूर्ण बसवले तर छापील इंचाला शंभरच ठिपके मिळतात. टॅब आठ इंची असो की दहा इंची, ठिपके तेवढेच. दहा इंचीवर अक्षर मोठे दिसते, पण त्याची धार वाढत नाही. १२०० ठिपके रुंद पडद्यावर मात्र दीडशे मिळतात. उर्दू पुस्तकासाठी हा फरक मोठा आहे आणि आमच्या मते जास्तीचे पैसे इथे सार्थकी लागतात.

आणि पैसे नसतील तर? टॅब आडवा धरावा. आता पानाच्या रुंदीला ८०० ऐवजी १२८० ठिपके मिळतात, छापील इंचाला १६०. पान एका वेळी अर्धेच दिसेल, वर-खाली सरकवावे लागेल, पण नुक्ते सुटे दिसतील. यासाठी एक पैसाही लागत नाही. तरी वर्गात पाहावे तर दहातली नऊ मुले टॅब उभाच धरतात.

हिफ्ज करणाऱ्या मुलांना मात्र हा उपाय चालत नाही. पंधरा ओळींच्या हाफिजी प्रतीत पान आयत पूर्ण होऊनच संपते आणि कोणती आयत पानाच्या कोणत्या भागात आहे, हेही मुलाच्या स्मरणात बसते. पान मोडले की ती खूण मोडते. त्यांना पूर्ण पान एका नजरेत हवे आणि त्यावरचे सगळे एराबही स्पष्ट हवेत. तेव्हा एक तर दाट आणि मोठा पडदा, नाहीतर छापील प्रत. आम्ही छापील प्रतच सुचवतो.

पडदा कितीही चांगला असला तरी चित्रात नसलेले तो दाखवू शकत नाही. रेख्तासारख्या संस्थेने जुन्या उर्दू पुस्तकांची मोठी संख्या स्कॅन करून खुली केली आहे, पण मूळ पान फिकट किंवा शाई पसरलेली असेल तर दाट पडदा तो पसाराच अधिक स्पष्ट दाखवतो. शाळेच्या ग्रुपवर वहीच्या पानाचे फोटो येतात तेव्हा व्हॉट्सॲप ते आकाराने लहान करून पाठवते आणि नुक्ते तिथेच हरवतात. तेच पान फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर जसेच्या तसे पोहोचते. पालकांनी शिक्षकांना हे जरूर सांगावे, आम्हीही आमच्या सहकाऱ्यांच्या मागे लागलो आहोत.

घरातल्या दादी-नानीचा विचार वेगळा. चाळिशी लागली किंवा मोतीबिंदू झाला, की बारीक धार डोळ्याला कळतच नाही. त्यांना अक्षर मोठे हवे, पडद्यावर मागच्या खिडकीची चमक नको आणि उजेड बेताचा हवा. १४९ चा पडदा त्यांना खुशाल द्यावा आणि अक्षर मोठे करून द्यावे.

दुकानात जाताना मुलाच्या पुस्तकातली दोन पाने, एक उर्दूचे आणि एक मराठीचे, मोबाइलमध्ये पीडीएफ स्वरूपात घेऊन जावीत. 'फुल एचडी व्हिडिओ चालतो' हे वाक्य पडद्याविषयी काही सांगत नाही. कमी ठिपक्यांच्या पडद्यावरही तो व्हिडिओ चालतो. खोक्यावरचे दोन आकडे पाहावेत, त्यांतला लहान आकडा १२०० आहे की ८०० तेवढे तपासावे. मग दोन्ही टॅबवर तेच पान पूर्ण उघडून मुलाच्या हातात द्यावे आणि वाचायला सांगावे. चमचमीत रंगांचा व्हिडिओ दुकानदार लावेलच. तो बंद करायला सांगावा.