गल्ल्यात पाचशे रुपये कमी भरले, तर पोराच्या पगारातून कापायचे का?

दुकान टाकायचं म्हटलं की आपण जागा, डिपॉझिट, माल, जीएसटी सगळं विचारतो. पहिला माणूस कामावर ठेवताना मात्र सगळं बोलीवर. "बारा-पंधरा हजार देतो, उद्यापासून ये." संपला विषय. आणि मग पहिल्याच महिन्यात प्रश्न येतो: गल्ला कमी भरला, काच फुटली, पोरगा रोज उशिरा येतो. कापू का?

आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं, "काप, त्याशिवाय शिस्त लागत नाही." पण पगारातून काय कापता येतं हे मालक ठरवत नाही, कायदा ठरवतो. वेतन संहिता, २०१९ हा तो कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो लागू झालाय. "माझ्याकडे दोनच माणसं आहेत, मला काय लागू होणार?" असं म्हणू नका. पीएफला वीस माणसांची अट आहे, ग्रॅच्युइटीला दहाची. पगाराच्या कायद्याला अशी पळवाट नाही. एक माणूस ठेवला तरी तो लागू.

आधी सोपं प्रकरण घेऊ. उशीर आणि खाडा. समजा पगार १५,६०० रुपये आणि महिन्याचे कामाचे दिवस २६. म्हणजे दिवसाचे ६०० झाले, आठ तासांनी भागले तर तासाचे ७५. पोरगा पंधरा मिनिटं उशिरा आला तर किती कापता येतील? १८ रुपये ७५ पैसे. बास! जेवढा वेळ गैरहजर, तेवढ्याच प्रमाणात कपात. "तीन लेट मार्क म्हणजे अर्धा दिवस" हा हिशेब कंपन्यांत बघून आपण उचललाय, पण तीन वेळा पंधरा मिनिटं म्हणजे पाऊण तास होतो, अर्धा दिवस होत नाही.

"मग मी शंभर रुपये दंड लावतो!" दंडाचे नियम तर आणखी कडक आहेत. कोणत्या चुकांना दंड, त्या यादीला आधी सरकारी मंजुरी लागते, ती यादी दुकानात लावावी लागते, माणसाला आपली बाजू मांडू द्यावी लागते. एवढं करूनही महिन्याचा एकूण दंड पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर जात नाही, म्हणजे आपल्या उदाहरणात ४६८ रुपये. माझं स्पष्ट मत सांगतो, छोट्या दुकानदाराने दंडाच्या नादी लागूच नये.

आता गल्ला. इथे नीट लक्ष द्या, कारण सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात.

नुकसानीची कपात कायद्याला मान्य आहे, पण दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. एक, तो माल किंवा ते पैसे त्याच माणसाच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेले असले पाहिजेत. दोन, नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे किंवा चुकीमुळे झालेलं असलं पाहिजे. आता आपल्या दुकानात काय चालतं बघा. सकाळी गल्ल्यावर तुम्ही, दुपारी जेवायला गेलात की पोरगा, चारला वहिनी येऊन बसतात, मध्येच दूधवाल्याला कोणीतरी दोनशे काढून देतं. रात्री पाचशे कमी. हे पाचशे पोराच्या ताब्यात होते असं कसं म्हणणार? तीन हात लागलेल्या गल्ल्याची जबाबदारी एकाच्या पगारावर टाकता येत नाही. जबाबदारी द्यायचीच असेल तर गल्ला देताना रक्कम मोजून वहीत लिहा, परत घेतानाही मोजा, दोन्ही वेळेला दोघांच्या सह्या. दोन मिनिटांचं काम आहे.

कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकणं हीसुद्धा सक्ती आहे. आणि जेवढं नुकसान तेवढीच कपात. फुटलेल्या वस्तूवर छापील किंमत १,२०० असेल आणि तुमची खरेदी ८०० ची, तर माझ्या मते ८०० च धरा. नोकराच्या चुकीवर नफा कमवायचा नसतो, बरं का.

उचल मात्र कापता येते. पण उचल, नुकसान, पीएफ, सगळं मिळून एका महिन्यात पगाराच्या निम्म्याहून जास्त कापता येत नाही. गणपतीला दहा हजार उचल दिलीत, तर पुढच्या पगारात एकदम वळती करू नका. हप्ते ठरवा आणि तेही लिहून ठेवा.

अजून एक सवय म्हणजे पोरगा न सांगता गेला तर शेवटचा पगार अडकवून ठेवणं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा असतो. माणूस सोडून गेला किंवा तुम्ही काढला, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा. तुमचा राग खरा असेलही, ऐन दिवाळीत सोडून गेला असेल, पण केलेल्या कामाचे पैसे त्याचेच आहेत.

"एवढ्याशा पैशासाठी कोण तक्रार करतंय?" करतात. तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो, आणि कमी दिलेल्या रकमेवर दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. गंमत म्हणजे पगार पूर्ण दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. पोराने फक्त "मिळाला नाही" म्हणायचं, कागद तुम्ही दाखवायचे. रोख देऊन सही घेतली नसेल तर दाखवणार काय? म्हणून पगार बँकेत किंवा यूपीआयने द्या, आणि पगाराची स्लिप द्या. स्लिप कायद्यानेच बंधनकारक आहे. छापील नसली तर साधी टाइप केलेली चालेल: हजर दिवस, एकूण पगार, कपात कशाची आणि किती, हातात किती.

किमान वेतन वेगळं तपासा. महाराष्ट्रात ते परिमंडळाप्रमाणे बदलतं आणि विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी सुधारतो, त्यामुळे जानेवारी आणि जुलैमध्ये नवा आकडा बघत जा.

आणि हो, मूळ मार्कशीट किंवा आधार कार्ड "सेफ्टी म्हणून" ड्रॉवरमध्ये ठेवून घेतलं असेल, तर आजच परत द्या. झेरॉक्स पुरते.