मागच्या आसनावरचा धोका कोणाचा?

पक्का परवाना हाती पडला, की त्याच संध्याकाळी आईला, बहिणीला किंवा मित्राला मागे बसवून मोटारसायकल बाहेर काढावयाची, हा आपल्याकडे रिवाजच होऊन बसला आहे. कायद्याची त्यास आडकाठी नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार शिकाऊ परवानाधारकास, शिकविणाऱ्याखेरीज कोणालाही मागे घेता येत नाही. परंतु शिकाऊ परवान्यास ३० दिवस झाले, की परीक्षा देता येते आणि पक्का परवाना मिळताच ही मनाई संपते. त्या परीक्षेत उमेदवाराच्या मागे कोणी बसलेले नसते. जे कौशल्य तपासलेच नाही, त्याचीही अनुज्ञा अशा रीतीने मिळून जाते! जपानमध्ये मोटारसायकलचा परवाना मिळाल्यावर एक वर्ष होईपर्यंत मागे कोणाला बसविता येत नाही. तेथील द्रुतगती मार्गांवर तर तीन वर्षांचा अनुभव आणि वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात.

खारघरजवळच्या बेलपाड्यातून शीव-पनवेल महामार्गाकडे निघालेल्या नवशिक्याचे उदाहरण घ्या. वस्तीतील रस्त्यावर माणसे आणि रिक्षा चुकवीत गाडी अगदी संथ न्यावी लागते, आणि दोघांचा तोल सर्वांत अवघड जातो तो याच गतीला. मागे भार आला की पुढचे चाक हलके होते. ब्रेक तेवढाच दाबला तरी गाडी पूर्वीच्या अंतरात थांबत नाही. शिवाय मागचा माणूस पुढे घसरून चालकावर रेलतो आणि ऐन वेळी चालकाचे हात आखडतात. साडी नेसलेली स्त्री एका अंगाने बसली असेल, तर भारही एकाच बाजूस पडतो. महामार्गावर ट्रक आणि बस यांच्या वेगाशी गाठ पडते. एकट्याने गाडी हाकताना हातापायांना जडलेली सवय येथे पुरी पडत नाही. किंबहुना तीच फसविते.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. हेल्मेट न घातल्यामुळे दगावलेल्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा बाह्य परिव्ययाचाच प्रकार: निर्णय एकाचा, किंमत दुसऱ्याची. विम्याचा आधारही गृहीत धरू नये. केवळ कायद्यापुरत्या काढलेल्या विम्यात दुचाकीवर मागे बसलेल्याची जबाबदारी कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. सर्वंकष विम्याची गोष्ट वेगळी. पण थोड्या हप्त्याच्या मोहाने पहिलाच प्रकार निवडणारी घरे थोडीथोडकी नाहीत.

मग नवशिक्याने थांबावे किती? माझ्या मते महिने मोजण्यापेक्षा एक सबंध पावसाळा एकट्याने काढावा, हे माप बरे. ओल्या रस्त्यावर चाक न घसरविता थांबणे, चढावर गाडी मागे न येऊ देता क्लच सोडणे, पाय न टेकविता संथ वळण घेणे, हे विचार न करता जमू लागले म्हणजे मागच्या आसनाचा विषय काढावा. त्यानंतरही पहिला सहप्रवासी स्वतः गाडी चालविणारा प्रौढ माणूस असावा आणि रस्ता मोकळा असावा. मागच्या चाकात दोघांच्या भारासाठी सांगितलेली हवा आहे की नाही, हे पाहून निघावे. हेल्मेट दोघांनाही हवे. लहान मूल आणि वृद्ध यांची पाळी शेवटी.

घरात एकच वाहन असताना इतकी चैन कोणाला परवडते, असे कोणी म्हणेल. आक्षेप खोटा नाही. अनेक वस्त्यांत दुचाकीवाचून दवाखानाही गाठता येत नाही, तेथे हे माप सैल करावे लागेल. परंतु १७ नोव्हेंबर २०२३ पासून पेंधर ते बेलापूर ही ११ स्थानकांची मेट्रो सुरू झाली आहे आणि बेलपाडा हे त्यांतील एक स्थानक आहे. तेथे तरी एका पावसाळ्याची किंमत फार तर काही तिकिटांची आहे. "तुझ्या गाडीवर पुढच्या वर्षी बसेन," असे आईने म्हटले, तर मुलाने तो आपला अपमान का समजावा?