प्राचीन मानवाचे अवशेष कसे वाचावेत?

इतिहासाच्या आरंभीच्या पाठांत 'अश्मयुग' हा शब्द येतो, आणि हाती दगड घेतलेल्या रानटी माणसाचे चित्र विद्यार्थ्यांच्या मनात उभे राहते. हे चित्र अपुरे आहे. त्या माणसापाशी केवळ दगडच होता असे नव्हे. त्याच्या अनेक वस्तूंपैकी मुख्यतः दगड तेवढा आपल्यापर्यंत पोहोचला आहे. हा भेद समजावून देण्यास चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील शाळांना घराभोवतीच साधने उपलब्ध आहेत.

आपल्या भूमीतील पुरावा

चंद्रपूर शहरालगतच्या पापामियाँ टेकडीच्या परिसरात पुराश्मयुगीन दगडी हत्यारे सापडली आहेत. अशा हत्यारांत हातकुऱ्हाड हा प्रमुख प्रकार होय. कठीण दगडावर दुसऱ्या दगडाने नेमके आघात करून कपच्या उडवीत तिला धार आणीत असत. आपोआप फुटलेल्या दगडाचा आकार कसाही असतो. घडविलेल्या दगडावर मात्र कपच्या निघाल्याच्या खुणा एकीशेजारी एक अशा ओळीने, बहुधा दोन्ही अंगांनी धारेकडे आलेल्या दिसतात. कोणता दगड निवडावा आणि आघात कोठे करावा, याचे ज्ञान एका पिढीने दुसरीस दिल्याशिवाय हे काम साधत नाही. म्हणजे शिक्षणाचा धागा तेथपर्यंत मागे जातो.

पुढे पुष्कळ काळाने लोखंड आले. चिमूर तालुक्यातील हिरापूर येथे प्रचंड शिळा रचून केलेली स्मारके आहेत. विदर्भातील अशा महापाषाणीय स्मारकांचा काळ सामान्यतः इ. स. पूर्व पहिले सहस्रक मानला जातो. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात डॉ. शां. भा. देव व डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी आढळली. लोखंडाचे खनिज आणि कोळशासाठी लाकूड या दोन्ही गोष्टी पूर्व विदर्भात मुबलक होत्या. माणसाने त्यांचा मेळ घातला.

जे नाहीसे झाले

आता प्रश्न असा, की लाकूड, बांबू, कातडे, वेली व पाने यांच्या वस्तूंचे काय झाले? आपल्याकडील कडक उन्हाळा, मुसळधार पाऊस आणि वाळवी यांपुढे त्या टिकल्या नाहीत. त्या किती महत्त्वाच्या असू शकतात हे कळण्यासाठी अगदी उलट हवामानाचा प्रदेश पाहू.

उत्तर ध्रुवाकडील कॅनडा व ग्रीनलंड येथील इन्यूइट लोकांना जुन्या पुस्तकांत 'एस्किमो' म्हटलेले आढळते. त्यांच्या पूर्वजांच्या संस्कृतीस पुरातत्त्वज्ञ 'थूले' म्हणतात. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी अलास्कात वाढलेले हे लोक त्यानंतरच्या काही शतकांत पूर्वेकडे पसरले. झाडे नसलेल्या त्या भूमीवर त्यांनी देवमाशाची हाडे, दगड व मातीची ढेपळे यांची हिवाळी घरे बांधली. प्रवेशाचा बोगदा जमिनीच्या पातळीखाली ठेवीत. थंड हवा जड असल्याने ती खालीच राही व आत ऊब टिके. त्यांच्या भाल्याचे हाडी टोक शिकारीच्या अंगात शिरताच आडवे वळे, त्यामुळे दोर निसटत नसे.

तेथील थंडीने नाजूक वस्तूही राखल्या. १९७२ साली ग्रीनलंडमधील किलाकित्सोक येथे सुमारे पाचशे वर्षांपूर्वीची आठ माणसांची शरीरे, सीलच्या कातड्याच्या शिवलेल्या पोशाखांसह, सापडली. हेच पोशाख आपल्या हवेत कुजून गेले असते, आणि शिवणारीचे कसब कोणासही कळले नसते. आपल्या भूमीतील किती कसब असे मातीत मिळाले असेल, याचा विचार विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा.

वर्गात काय करावे

१. विद्यार्थ्यांनी घरातील वस्तूंची यादी करावी : सूप, टोपली, दोर, पत्रावळ, मडके, पाटा, जाते, विळा, कुऱ्हाड. प्रत्येकीपुढे ती कशाची केली आहे हे लिहावे.

२. यांतील काय शंभर वर्षे टिकेल व काय हजार वर्षे टिकेल, याची चर्चा करावी. हजार वर्षांनी केवळ पाटा, जाते आणि मडक्याची खापरे पाहणारा मनुष्य आपल्याविषयी काय समजेल, असे विचारावे. उत्तर मुलेच देतील.

३. बांबूचे काम जाणणाऱ्या गावकऱ्यास वर्गात बोलवावे. मात्र गोंड, माडिया वा इन्यूइट यांना 'अश्मयुगातील लोक' म्हणू नये. ते आपल्याच काळातील लोक आहेत, आणि त्यांची मुले आपल्यासमोर वर्गात बसलेली असू शकतात.

एक सावधगिरी

घडविलेला दगड आढळल्यास तो उचलून शाळेच्या कपाटात ठेवू नये. तो कोणत्या थरात, कशाशेजारी, नाल्यापासून किती अंतरावर होता, यावरून त्याचा अर्थ लागतो. जागेवरून हलविला की त्याची साक्ष बरीचशी संपते. खाणकाम, रस्ते व बांधकाम यांमुळे अशा जागा लवकर नाहीशा होतात आणि पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून वस्तू जागीच ठेवून जागेचे टिपण व रेखाटन करावे आणि तहसील कार्यालयामार्फत पुरातत्त्व विभागास कळवावे. हे टिपण विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास निरीक्षण, मोजमाप व लेखन या तिन्हींचा अभ्यास होईल, आणि गावाचा पुरावाही गावातच सुरक्षित राहील.