सरासरी चार वॉट

रुमानियात बुखारेस्टला लागून मागुरेले नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या ‘ईएलआय-एनपी’ प्रयोगशाळेतल्या लेसरने २०१९ मध्ये १० पेटावॉटचा पल्ला गाठला. एकावर सोळा शून्यं, इतके वॉट. भारतातली औष्णिक, जल, सौर, अणू अशी झाडून सगळी वीजकेंद्रं पूर्ण क्षमतेने चालवली, तरी हाती लागतात सुमारे पाच लाख मेगावॉट. असे वीस हजार भारत एकत्र केले की हा आकडा येतो.

आता वीजबिल काढू. हा लेसर सलग पेटत नाही, प्रकाश सोडतो तो झटक्याझटक्याने, स्पंदांत. एका स्पंदातली ऊर्जा साधारण २३० ज्यूल. ६० वॉटचा जुना बल्ब चार सेकंदांत तेवढी खातो. एका युनिटात असे पंधरा हजारांवर स्पंद बसतील. त्यात स्पंद सुटतो मिनिटाला एक. म्हणजे सरासरी काढली, तर जगातल्या सर्वांत शक्तिशाली लेसरांपैकी हा एक चार वॉटसुद्धा भरत नाही! (पंप लेसर, निर्वात पंप, एसी यांचं बिल वेगळं, ते भरणाऱ्यांना हा हिशेब ऐकवू नये.)

करामत सगळी वेळेची. हे २३० ज्यूल जेमतेम २३ फेमटोसेकंदांत ओतले जातात. फेमटोसेकंदापुढे सेकंद केवढा? एका सेकंदापुढे ३ कोटी १७ लाख वर्षं असावीत, तेवढा. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश २३ फेमटोसेकंदांत सरकतो फक्त सात मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाइतका. तेव्हा या यंत्रातून ‘किरण’ निघतो, असं तरी कसं म्हणावं? निघतो तो अर्धा मीटर रुंद आणि सात मायक्रॉन जाड असा प्रकाशाचा पापड. तोही अवरक्त, ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्याला जेमतेम जाणवणारा. धोका तिथेच आहे: धड दिसतच नाही, तर पापणी मिटणार कशी? असल्या प्रयोगशाळांत झोत कुठून चाललाय हे पाहायला चमकणारं कार्ड धरतात. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या जातीचे टेरावॉट लेसर आहेत. असा झोत भिंगाने नुसत्या हवेत एकवटला, तरी त्या बिंदूवर हवा फुटून ठिणगी पडते आणि ‘टक्’ असा आवाज येतो.

हवा फुटते, तशी काचही फुटते. प्रकाश ज्या स्फटिकात वाढवायचा, त्याचाच बळी जायचा, आणि त्यामुळे गाडं बरीच वर्षं अडलं होतं. १९८५ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात जेरार मुरू आणि त्यांची विद्यार्थिनी डॉना स्ट्रिकलंड यांनी वाट काढली. स्पंद आधी १.४ किलोमीटर लांब काचेच्या तंतूतून पाठवायचा. काचेत लांब तरंग पुढे जातात, आखूड मागे रेंगाळतात. स्पंद ताणला जातो, विरळ होतो. मग निर्धास्तपणे वाढवायचा आणि शेवटी प्रकाशाचे तरंग वेगळे करणाऱ्या दोन जाळ्यांवरून (ग्रेटिंग) नेऊन मागच्यांना पुढच्यांशी गाठ घालून द्यायची. स्ट्रिकलंड यांचा हा पहिलाच शोधनिबंध. २०१८ चं नोबेल त्याच कामासाठी. आजच्या महाकाय लेसरांत ही जाळी सोन्याचा मुलामा दिलेली असतात आणि निर्वात कक्षात बसवतात, कारण दाबलेल्या स्पंदाच्या वाटेत साधी हवाही चालत नाही.

दक्षिण कोरियात ग्वांगजूला २०२१ मध्ये ४ पेटावॉटचा स्पंद सुमारे एका मायक्रॉनवर एकवटला. तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला १०<sup>२३</sup> वॉट. पृथ्वीवर पडणारा सगळा सूर्यप्रकाश दहा-बारा मायक्रॉनच्या ठिपक्यात कोंबला, तर साधारण एवढी भरेल.

याच घराण्यातले धाकटे लेसर आपल्याकडे चष्म्याचा नंबर घालवायला वापरतात. एक मायक्रोज्यूल ५०० फेमटोसेकंदांत सोडला, तरी होतात वीस लाख वॉट, तेही डोळ्याच्या कॉर्नियात. शेजारच्या पेशींना तापायला सवडच मिळत नाही.