आधी अशील, मग पुस्तक

वकिली वर्गात शिकवता येते का, हा प्रश्न अनेक वर्षं माझा पिच्छा सोडत नाही. आपल्याकडे सनद हातात पडलेला मुलगा सीनियरच्या चेंबरमध्ये तारखा घेतो, नकलेचे अर्ज लावतो, वकालतनाम्यावर तिकिटं चिकटवतो आणि तिथेच हळूहळू वकील होतो. मग कॉलेजातली तीन किंवा पाच वर्षं कशासाठी होती? याचं उत्तर शोधता शोधता मी वॉशिंग्टनमधल्या एका लॉ स्कूलपाशी थबकलो. ते उण्यापुऱ्या सोळा वर्षांत बंद पडलं. नाव अँटिऑक स्कूल ऑफ लॉ.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. १८७० मध्ये कायद्याचे प्राध्यापक लँगडेल हार्वर्ड लॉ स्कूलला आले आणि वरिष्ठ न्यायालयांचे निवाडे वाचत कायदा शिकण्याची पद्धत रुळली. १९३३ मध्ये जेरोम फ्रँक यांनी या पद्धतीवर कडाडून टीका केली. वैद्यकीय कॉलेजला जसा दवाखाना असतो, तसं लॉ स्कूलला गरिबांसाठी मोफत क्लिनिक हवं, असं त्यांनी मांडलं. पुढे ते फेडरल न्यायाधीश झाले, पण त्यांची सूचना बरीच वर्षं कागदावरच राहिली. ती एका संपूर्ण लॉ स्कूलचा पाया म्हणून उभी केली एका कृष्णवर्णीय स्त्रीने. आपल्या कायद्याच्या वर्गांत मी तिचं नाव कधी ऐकलेलं नाही.

जीन कॅम्पर कान. जन्म १९३५, गाव बाल्टिमोर. वडील डॉक्टर आणि नागरी हक्कांच्या चळवळीतले नावाजलेले कार्यकर्ते. १९५७ मध्ये त्यांनी एडगर कान या ज्यू तरुणाशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या मेरीलँड राज्यात कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांमधला विवाह बेकायदा होता. तो कायदा १९६७ पर्यंत टिकला. दोघेही येलमध्ये कायदा शिकले. १९६३ च्या सुरुवातीला, येलपासून जवळच, न्यू हेवन शहराच्या डिक्सवेल या कृष्णवर्णीय वस्तीत एक कायदा सल्ला कार्यालय उघडलं आणि जीन तिथे रुजू झाल्या. पैसा फोर्ड फाउंडेशनकडून आलेला, कारभार शहराच्या विकाससंस्थेकडे.

घरमालक, भाडं, उधारी अशी प्रकरणं येत होती तोवर सगळं सुरळीत चाललं. मग एक फौजदारी खटला आला. एका गोऱ्या नर्सवर बलात्कार केल्याचा आरोप एका कृष्णवर्णीय तरुणावर होता आणि शहर खवळलेलं होतं. जीन त्याच्या बचावाच्या कामात उतरल्या. विकाससंस्थेचे धुरीण हादरले. शहराची सहानुभूती गेली तर योजनाच बुडेल, ही त्यांची भीती. जीन यांचं म्हणणं सरळ होतं: वकिलाची निष्ठा अशिलाशी असते, पैसे देणाऱ्याशी नाही. काही आठवड्यांतच कार्यालयाला टाळं लागलं.

मला हा प्रसंग साऱ्या हकिकतीचं मूळ वाटतो. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, ‘येल लॉ जर्नल’मध्ये या दांपत्याचा दीर्घ लेख आला. अमेरिकी सरकारच्या ‘गरिबीविरुद्धच्या युद्धा’कडे नागरिकांच्या बाजूने पाहणारा. मदत वाटणाऱ्या संस्थेला जाब विचारण्याची ताकद मदत घेणाऱ्याच्या हाती नसेल, तर ती मदतही हुकूमशाही होते, हा त्याचा गाभा. उपाय म्हणून त्यांनी विद्यापीठाशी जोडलेली, वस्तीतच बसणारी वकिलांची पेढी सुचवली. लेख वाचताना डिक्सवेलचं बंद दार सतत डोळ्यांसमोर राहतं. १९६५ मध्ये अमेरिकी केंद्र सरकारने गरिबांसाठी कायदेसेवा सुरू केली, तिच्या घडणीत या लेखाचा आणि जीन यांचा मोठा वाटा आहे.

१९६८ मध्ये जीन यांनी जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात अर्बन लॉ इन्स्टिट्यूट काढली. ते नातं काही वर्षांतच तुटलं. तेव्हा आसरा मिळाला ओहायोतल्या अँटिऑक कॉलेजचा. या कॉलेजात १९२१ पासून शिक्षण आणि नोकरी आळीपाळीने करण्याची रीत होती, त्यामुळे जीन यांची कल्पना तिथे परकी ठरली नाही. १९७२ मध्ये त्याचं लॉ स्कूल वॉशिंग्टनमध्ये सुरू झालं. जागा होती सोळाव्या रस्त्यावरची वॉर्डर हवेली. शेतीची यंत्रं विकून गब्बर झालेल्या माणसाची ही वास्तू मुळात के स्ट्रीटवर होती. १९२० च्या दशकात एका वास्तुविशारदाने ती पाडली जाण्यापासून वाचवली आणि सुटी करून इथे पुन्हा रचली. त्या श्रीमंती दालनांत आता घरातून हुसकावलेली कुटुंबं कागदपत्रं घेऊन बसू लागली.

इथलं शिक्षण पुस्तकापासून सुरू होत नसे. नवा विद्यार्थी सुरुवातीला शहरातल्या गरीब कुटुंबाच्या घरी राहायला जाई. मग त्याला लॉ स्कूलच्याच पेढीत काम मिळे. अशिलाची मुलाखत घ्यायची, हकिकत लिहून काढायची, नोटिशीची तारीख तपासायची, साक्षीदार गाठायचा. प्राध्यापक स्वतः सनदधारक वकील, प्रकरणं त्यांच्या नावावर. वरच्या वर्गातले विद्यार्थी न्यायालयाच्या परवानगीने, त्यांच्या देखरेखीखाली उभे राहत. करार किंवा पुरावा कायदा वर्गात शिकवला जाई तेव्हा विद्यार्थ्याच्या मनात कुणाचं तरी खरं घर असे, खरा पगार असे. वकिली शिकवण्याची याहून प्रामाणिक रीत मला माहीत नाही.

पण ती महाग होती. व्याख्यानाला एका प्राध्यापकापुढे शंभर मुलं बसतात; क्लिनिकमध्ये त्याला मोजकीच मुलं नीट सांभाळता येतात. त्यातच देशभर केंद्रं उघडून बसलेलं अँटिऑक विद्यापीठ १९७० च्या दशकाअखेर आर्थिक गर्तेत सापडलं. लॉ स्कूलच्या निधीवर ताबा कुणाचा, यावरून ते चालवणारं कान दांपत्य आणि विद्यापीठ कोर्टात समोरासमोर आले. १९८० मध्ये दोघांनाही पदावरून काढलं. अपिलाचा निकाल लागायला १९८४ उजाडलं. विद्यापीठाची अडचण मला समजते, तरीही संस्थेचा जीव ज्यांच्यात होता त्यांनाच बाहेर काढून ती टिकणार नव्हती. १९८८ मध्ये अँटिऑकचं लॉ स्कूल बंद झालं. त्याच वर्षी शहराने स्वतःच्या खर्चाने त्याचा वारसा चालवायला घेतला. ते लॉ स्कूल आज कोलंबिया जिल्हा विद्यापीठात आहे आणि तिथे क्लिनिकचे ७०० तास ही पदवीची अट म्हणून वर्षानुवर्षं राहिली. जीन १९९१ मध्ये गेल्या, एडगर २०२२ मध्ये.

आता आपल्याकडे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे आहेत. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे इंटर्नशिप लागते. प्रत्येक कॉलेजात लीगल एड क्लिनिकही हवं. कागदावर काहीच कमी नाही. प्रत्यक्षात मूट कोर्टातला अशील काल्पनिक असतो आणि न्यायालयभेटीचं जर्नल परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मागच्या बॅचच्या जर्नलवरून उतरवलं जातं. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. विद्यार्थ्याला सनद नसते, पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला वकिली करता येत नाही. मग क्लिनिकमध्ये आलेल्या बाईची पोटगीची केस चालवणार कोण? सल्ला देऊन तिला दुसऱ्या दारी पाठवलं जातं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश होण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली, त्यामागेही हीच पोकळी आहे.

अॅडव्होकेट्स अॅक्टचं कलम ३२ या पोकळीत पूल बांधू शकतं. सनद नसलेल्या व्यक्तीलाही एखाद्या विशिष्ट प्रकरणात उभं राहण्याची परवानगी कोर्ट त्या कलमाखाली देऊ शकतं. पोटगी, भाडं आणि मजुरीच्या दाव्यांत अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना अनुभवी वकिलाच्या देखरेखीखाली ही परवानगी नियमितपणे मिळावी, यासाठी महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलने आणि मुंबई उच्च न्यायालयाने एकत्र बसून कार्यपद्धती ठरवावी. सुरुवात एखाद्या तालुका न्यायालयापासून केली तरी चालेल. त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही.